प्रॉडक्ट डिझाईन करायचंय, घरचे म्हणतात मेकॅनिकल घे. काय करू?

सेक्टर_आठ_ऐरोली:
नमस्कार, बारावी सायन्सला आहे, ऐरोलीत राहते. प्रॉडक्ट डिझाईन करायचंय पण घरी कुणालाच ते नक्की काय असतं ते माहीत नाही, मलाही धड सांगता येत नाही म्हणा. बाबा म्हणतात मेकॅनिकल कर, समोर एवढी एमआयडीसी आहे, कुठेतरी चिकटशील. आई म्हणते चित्रंच काढायची तर जेजे बघ. माझी चित्रकलेची इंटरमीजिएट झालीय पण बी ग्रेड, माणसांचे चेहरे अजिबात जमत नाहीत, घरातलं काही बिघडलं की उघडून बसायची खोड मात्र आहे. यूसीडचा, म्हणजे आयआयटीतल्या डिझाईनच्या प्रवेश परीक्षेचा, क्लास ठाण्यात विचारला, फी ऐकली आणि गप घरी आले. तर चित्रकला बेताची असेल तर यात पडावं का, आणि चार वर्षं नेमकं करतात काय?

पाचपाखाडी_ते_पवई:
बी ग्रेड बास झाली. यूसीड ३०० मार्कांची, त्यातले २०० कॉम्प्युटरवर, म्हणजे आकृत्या मनात फिरवणं, कुठला गिअर कुठल्या दिशेला फिरेल, निरीक्षण, थोडं लॉजिक. उरलेले १०० कागदावर, आणि तिथे सुद्धा चेहरा सुंदर आला का यापेक्षा पर्स्पेक्टिव्ह बरोबर आहे का आणि माणूस ती वस्तू कशी वापरतोय ते कळतंय का हे महत्त्वाचं. बारावी कुठल्याही शाखेची चालते. दोनदाच देता येते, तीही लागोपाठच्या वर्षी. फॉर्म ऑक्टोबरच्या आसपास, परीक्षा जानेवारीत, जेईईचं पहिलं सेशनही त्याच सुमारास असतं ते बघून ठेव. जुने पेपर साईटवर फुकट आहेत, आधी ते सोडव मग क्लासचं बघू. एनआयडी ही डिझाईनची दुसरी सरकारी संस्था, तिची परीक्षा वेगळी, तिच्या दुसऱ्या फेरीत हाताने मॉडेल बनवायला लावतात, तुझ्या खोडीचा तिथे उपयोग होईल.

आता चार वर्षं काय करतात. पहिलं वर्ष साधारण सगळ्यांना सारखंच, ड्रॉइंग, फॉर्म, रंग, मटेरियल, वर्कशॉप. मग प्रोजेक्ट सुरू होतात आणि झोप संपते. समज लोकलमध्ये उभ्याने धरायची कडी करायचीय, तर सरासरी उंचीचा माणूस धरून चालतच नाही, बुटक्या बाईचा हात पोचला पाहिजे आणि उंच माणसाचं डोकं आपटता कामा नये, म्हणून ५ वा आणि ९५ वा पर्सेंटाइल काढतात, म्हणजे शंभरातले पाच ज्याच्या खाली येतात ते माप आणि पंच्याण्णव ज्याच्या खाली येतात ते माप, मग पुठ्ठ्याचे, फोमचे मॉकअप करून लोकांच्या हातात देतात, लोक भलतीकडेच धरतात, परत सगळं नव्याने. कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर वस्तू काढणं, बऱ्याच उशिरा येतं. बाबांना सांगायला सोपं उदाहरण हवं तर मतदानाचं ईव्हीएम, त्याचं डिझाईन आयडीसीतल्या, म्हणजे पवईच्या आयआयटीच्या डिझाईन विभागातल्या, प्राध्यापकांनी केलंय.

रबाळे_टूलरूम:
मी डिझायनर नाही, डाय बनवतो, इंजेक्शन मोल्डिंगच्या, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक दाबून भरायचे स्टीलचे साचे. आमच्याकडे कॉलेजची पोरं स्क्रीनवर इतकं देखणं काहीतरी घेऊन येतात आणि तो पार्ट डायमधून बाहेरच येणार नसतो. भिंती सरळ उभ्या. अरे, कुल्फीचा साचा खाली निमुळता का असतो? तसा निदान एखाद डिग्री तरी ड्राफ्ट, म्हणजे भिंतीला उतार, हवा, वर टेक्स्चर असेल तर अजून जास्त. जाडी सगळीकडे सारखी ठेवायची, आतली रिब, म्हणजे आधाराची पट्टी, भिंतीच्या निम्म्या जाडीच्या आसपास, जास्त जाड केली की बाहेरून खड्डा दिसतो, सिंक मार्क. आणि डाय लाखांत जाते, एकदा स्टील कापलं की सॉरी म्हणून भरून येत नाही. माझं मत विचाराल तर आधी मेकॅनिकल करा आणि मग सीडची प्रवेश परीक्षा देऊन एमडेस, म्हणजे डिझाईनमधलं मास्टर्स, करा, दोन्ही हातात.

पाचपाखाडी_ते_पवई:
काका, रस्ता चांगला आहे, सीडला वयाची अट नाही, कितीदाही देता येते, आयडीसीत इंडस्ट्रियल डिझाईनच्या वर्गात अर्धे इंजिनिअरच दिसतात. पण जिला आत्ताच नक्की माहितीय तिने चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स कशाला घासायचं? मेकॅनिकल आवडत असेल तरच.

खारघर_बारा:
गोड गोड चाललंय म्हणून कडू बोलतो. यूसीड, एनआयडी नाही लागलं तर प्रायव्हेटची फी वर्षाला लाखांत आहे, वर लॅपटॉप, मॉडेलचं सामान, प्रिंटआऊट वेगळे. तिथे घ्यायचंच झालं तर ब्रोशर बाजूला ठेव आणि वर्कशॉप दाखवा म्हण, लेथ-मिलिंगच्या मशीनवर धूळ बसलेली असेल तर उठून ये. दुसरं म्हणजे, माझ्या बॅचचे बरेच जण आता अ‍ॅपच्या स्क्रीन करतात, यूएक्स, कारण पगार तिकडे बरा आहे. मीही त्यातलाच, तक्रार नाही, पण वस्तू बनवायची स्वप्नं बघून येणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

सेक्टर_आठ_ऐरोली:
खूप थँक्यू सगळ्यांना. यूसीड, एनआयडी दोन्ही भरते, सीईटी पण देते म्हणजे बाबा शांत. काका, डाय चालू असताना बघायला मिळेल का? कारखाना आतून कधी बघितलेलाच नाही.

रबाळे_टूलरूम:
मिळेल की, ऐरोलीहून पुढचंच स्टेशन. एकटी नको, बाबांना घेऊन ये, मेसेज कर मग दिवस सांगतो. चपला नकोत, बूट घाला दोघांनी, खाली लोखंडाच्या चिप्स असतात. आणि ड्राफ्ट दिलेला नसलेला एक पार्ट मुद्दाम ठेवलाय, तो हाताने ओढून काढून दाखव.