अबोली की सदाफुली? आधी अंगणातलं ऊन बघा

ताई, भुसावळच्या पश्चिमेकडच्या अंगणात अबोली लावू की सदाफुली, असं तुम्ही विचारलंय. दुपारनंतरचं ऊन थेट येत असेल तर सदाफुलीच लावा. आमच्या यावलला मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तरी ती फुलत असते. पान कडू असतं, म्हणून शेळ्याही तोंड लावत नाहीत. कर्करोगावरचं व्हिन्क्रिस्टीन हे औषध हिच्यापासूनच मिळतं. झाड विषारी आहे, लहान मुलांना पानं चघळू देऊ नका. तिला फक्त साचलेलं पाणी सोसत नाही. आपली काळी माती पावसाळ्यात ओल धरून ठेवते आणि मुळं कुजतात. वाफा वीतभर उंच करा, वाळू मिसळा.

माझा जीव मात्र अबोलीवर आहे. वास नाही, पण गजरा दिवसभर टवटवीत राहतो. आमची अबोली निंबाच्या सावलीत आहे, सकाळचं कोवळं ऊन तिला पुरतं. उन्हाळ्यात रोज पाणी देते आणि बुडाशी केळीची वाळकी पानं अंथरते. वाळलेलं कणीस पाण्यात टाकून बघा, थोड्या वेळात बोंडं तटतट फुटून बी लांब उडतं! पहिल्या पावसात ओट्यावर बसून तो आवाज ऐकण्यासारखं सुख नाही. रोपवाटिकेत ‘दिल्ली अबोली’ मिळाली तर तिला बी धरत नाही, फांदीच लावावी लागते.

तुमच्या अंगणात सावलीचा एखादा कोपरा आहे का, तेवढं सांगा.