"मॅन्युअल कोणी वाचत नाही" म्हणे. मग लिहितं कोण, ते तरी पाहा

काटापट्टी
परवा इथेच 'मार्केटयार्ड' यांनी लिहिलं: "बाजार समिती अन् जिनिंगमधल्या (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातल्या) पोट्ट्यांसाठी वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरचं ऐंशी पानी मॅन्युअल छापणं बंद करा. कोणी वाचत नाही. दोन मिनिटांचे व्हिडिओ काढा, ग्रुपवर टाका, विषय संपला." विषय संपला नाही, म्हणून हा धागा.

वाचत नाहीत हे खरं. पण का? ते पुस्तक मेनूच्या क्रमाने लिहिलेलं असतं. लॉगिन, मग मास्टर, मग व्यवहार, मग अहवाल. प्रत्येक पानावर स्क्रीनचा फोटो आणि खाली "येथे शेतकऱ्याचे नाव भरावे". अहो, रकान्यावरच तसं लिहिलेलं आहे! काट्यावरची अडचण वेगळी असते. बाहेर गाड्यांची रांग, इंडिकेटरवर, म्हणजे काट्याचं वजन दाखवणाऱ्या डब्यावर, ४८६० स्थिर आणि संगणकात शून्य. आता शोधा. अनुक्रमणिकेत 'शून्य' नाही, 'वजन येत नाही' नाही. उत्तर आहे, पण ते 'कम्युनिकेशन सेटिंग' या नावाखाली शेवटच्या प्रकरणात दडलंय. ज्याला ते नाव माहीत आहे त्याला मॅन्युअल लागतच नाही.

लिहायला बसायच्या आधी गेल्या हंगामातली तक्रारींची वही उघडायची. कोण अडला, काय करताना अडला, समोर नेमकं काय दिसत होतं, असे तीन रकाने पाडायचे. फिरून फिरून तीच दहा-बारा दुखणी निघतात. एका दुखण्याला एक पान, आणि पानाचं नाव म्हणजे माणूस फोनवर जे बोलतो तेच. ऑपरेटरची पानं वेगळी. हिशोबनिसाची वेगळी, ती दिवसाच्या कामाच्या क्रमाने. पोर्ट, बॅकअप, रिस्टोर हे तिसऱ्या फाईलमध्ये, सचिवाच्या कपाटात. आणि हे सगळं दसऱ्याच्या आधी तपासून झालं पाहिजे. कापूस यायला लागल्यावर कोणी तुमचं पान तपासून देणार नाही.

मार्केटयार्ड
भौ, इतकं तापता कायले? डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची रिबन कशी बसवायची हे कागदावर लिहून दाखवा मले. "कॅसेटच्या दोन्ही बाजूंचे खटके खाचेत बसवून, रिबन हेड व मार्गदर्शक पट्टीच्या मधून न्यावी." समजलं कोणाले? व्हिडिओत वीस सेकंदाचं काम हाय. दुसरं, हंगामाच्या मधातच अपडेट येते अन् बटन इकळचं तिकळं जाते. तुमचे फोटो त्याच दिवशी शिळे.

हिशोबनीस
रिबनचं मान्य. हाताची हालचाल दाखवायची तिथे व्हिडिओच. कागदाच्या जाडीप्रमाणे सरकवायचा खटका, तीन प्रतींच्या पावतीला तो कितीवर न्यायचा, तेही व्हिडिओत टाका. पण बाकी? व्हिडिओत शोधता येत नाही. तोललेल्या गाडीची पट्टी (वजनाची पावती) रद्द करायची असेल तर आधी दीड मिनिट नमस्कार-चमत्कार ऐकायचा. आणि शिळं होण्याचं म्हणाल तर व्हिडिओच जास्त शिळा होतो, कारण तो ग्रुपवरून कोणी काढत नाही. दोन वर्षांपूर्वीचा पुढे ढकललेला व्हिडिओ बघून पोरगं नसलेलं बटण शोधत बसतं. कागदावर खाली तारीख आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती असते. नवं पान लावलं की जुनं फाडता येतं.

फोटो शिळे होतात हे खरंच आहे. म्हणून फोटो कमी. जिथे दोन सारखी बटणं जवळजवळ आहेत तिथेच फोटो, तोही तेवढाच तुकडा कापून. अख्खी स्क्रीन चिकटवणं हा पानं फुगवायचा धंदा आहे.

गठाण
मूळ दुखण्यावर कोणी बोलूनच नाही राह्यलं. मॅन्युअलची मराठी! स्क्रीनवर 'सेव्ह', मॅन्युअलमध्ये 'जतन करा'. स्क्रीनवर 'प्रिंट', कागदावर 'मुद्रित करावे'. पोट्टं स्क्रीनवर 'जतन' शोधून राह्यलं!

मायबोलीचा
मग काय, सगळं इंग्रजीच लिहायचं? भाषा संचालनालय १९६० साली निघालं तेव्हाही लोक हसलेच होते. आज 'सचिव', 'धनादेश' यावर कोणी हसतं का? वापरल्याशिवाय शब्द रुळत नाहीत.

गठाण
रुळवा ना, कोण नाही म्हणते! पण स्क्रीनवर रुळवा. बटनावर 'जतन करा' लिहा, मग कागदावरबी तेच लिहू. बटन एक अन् कागद दुसरा, हे भाषाप्रेम नाही, फसवणूक हाय.

मायबोलीचा
'फसवणूक' हा शब्द मागे घ्या.

गठाण
बरं बाप्पा, मागे घेतला. 'दिशाभूल' चालते का?

आता तुमच्या प्रमाण मराठीचं ऐका. सॉफ्टवेअरवाल्यानं 'लिलाव' लिहिलं, यार्डात त्याले हर्रास म्हणतात. कापसाच्या दाबलेल्या गठ्ठ्याले 'गासडी' लिहिलं, आमच्या इकळं गठाण. मग हिंगणघाटच्या माणसानं पुणेरी शिकून मंग कापूस विकायचा काय?

काटापट्टी
धागा कुठे चाललाय! तरी यावर नियम सोपा आहे. स्क्रीनवर जे अक्षर दिसतं ते जसंच्या तसं, अवतरण चिन्हात. बाकीचं वाक्य बोलतो तसं. सॉफ्टवेअरमध्ये 'लिलाव' असेल तर पहिल्यांदा "'लिलाव', म्हणजे आपला हर्रास" एवढं लिहायचं, पुढे 'लिलाव'च. मध्येच शब्द बदलला की वाचणाऱ्याला वाटतं हे दुसरंच काहीतरी आहे. साहित्यात पुनरुक्ती दोष असेल, इथे तो गुण आहे.

टंकन
भाषेवर भांडताच आहात तर फॉन्टवरही बोला. अजूनही मॅन्युअल कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतात. वरून मराठी दिसतं, आतून ती इंग्रजी अक्षरं असतात. पीडीएफमध्ये 'वजन' शोधा, काही सापडणार नाही. फॉन्ट सोबत जोडला नसेल तर दुसऱ्या संगणकावर नुसता कचरा. युनिकोडमध्येच लिहा, तिथे अक्षर आतूनही मराठीच असतं.

आणि युनिकोडवाल्यांनी हेही लिहून ठेवा: कीबोर्ड इन्स्क्रिप्टवर (मराठी टायपिंगवर) राहिला की कापसाच्या ओलाव्याच्या रकान्यात मराठी अंक पडतात. बरीच सॉफ्टवेअर ते अंक मानतच नाहीत, 'इनव्हॅलिड व्हॅल्यू' म्हणून अडतात. आकडा डोळ्यांना बरोबर दिसतो, म्हणून चूक सापडत नाही. कॉटन कॉर्पोरेशनच्या खरेदीत ८ ते १२ टक्के ओलाव्याला भावात त्या प्रमाणात कपात, १२ च्या वर खरेदी नाही. म्हणजे तो रकाना चुकवून पुढे जाता येत नाही. पानावर एक ओळ पुरते: "आकडे उजवीकडच्या नंबरपॅडवरून टाका."

मार्केटयार्ड
हे सगळं ऐकायले बरं. एक पान लिहून दाखवा ना. तुमचंच ते शून्यवालं.

काटापट्टी
घ्या.

*काट्यावर वजन आहे, संगणकात शून्य*
*१. संगणकामागची, लाल चिकटपट्टी लावलेली यूएसबी वायर पाहा. ती लाल खूण केलेल्या खाचेतच हवी. दुसरीकडे असेल तर काढून तिथे लावा.*
*२. तरी शून्य असेल तर 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. 'पोर्ट्स' या ओळीखाली 'कॉम'च्या (COM) पुढे जो आकडा आहे तो कागदावर लिहा.*
*३. सॉफ्टवेअरच्या 'सेटिंग'मध्ये तोच आकडा निवडा, 'सेव्ह' दाबा.*
*४. इंडिकेटरचं सील तोडू नका. आतलं कॅलिब्रेशन वैधमापनच्या (वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याच्या) पडताळणीत येतं.*

कारण पानावर नाही, तांत्रिक फाईलमध्ये: यूएसबी ते सिरियल कन्व्हर्टर (काट्याची वायर संगणकाला जोडणारा तुकडा) दुसऱ्या खाचेत लावला की विंडोज बऱ्याचदा त्याला नवा कॉम नंबर देते. सॉफ्टवेअर जुन्याच नंबरवर कान लावून बसतं.

हिशोबनीस
चौथी पायरी पहिल्याच्या वर हवी. इशारा कामाच्या आधी येतो, नंतर नाही. सील तुटल्यावर वाचून काय उपयोग?

मार्केटयार्ड
अन् शून्याऐवजी वेडेवाकडे अक्षरं आली त?

काटापट्टी
ते वेगळं पान. काहीच येत नसेल तर वायर किंवा पोर्ट. कचरा येत असेल तर बॉड रेट, म्हणजे आकडे पाठवायचा वेग. इंडिकेटर ९६०० वर आणि सॉफ्टवेअर २४०० वर असं झालेलं असतं. दोन लक्षणं एका पानात कोंबली की ऑपरेटर दोन्ही सेटिंग बदलून ठेवतो, मग दोन बिघाड.

टंकन
दुसरी पायरीही अर्धवट. 'पोर्ट्स'खाली पिवळा त्रिकोण दिसला तर? प्रोलिफिक कंपनीच्या जुन्या चिपचा कन्व्हर्टर नव्या विंडोजवर चालत नाही, नावाच्या जागी 'फेज्ड आऊट सिन्स २०१२' असंच लिहून येतं. तिथे नंबर बदलून काही होत नाही, कन्व्हर्टरच बदलावा लागतो.

गठाण
अन् दुरुस्ती होईपर्यंत गाड्या उभ्या ठेवायच्या? हातानं वजन टाकायची सोय असते, ते काहून नाही लिहिलं?

काटापट्टी
मुद्दाम नाही लिहिलं. भिंतीवर ते पान लावलं की उद्यापासून काटा कायमचा 'बिघडेल'. ते सचिवाच्या फाईलमध्ये, त्यांच्या पासवर्डसह. पानावर फक्त "सचिवांना बोलवा".

गठाण
पासवर्ड फाईलमध्ये?

काटापट्टी
चुकलं. पासवर्ड कुठेच लिहायचा नाही. फाईलमध्ये फक्त पायऱ्या.

मार्केटयार्ड
चार पायऱ्यांच्या कागदात चार चुका निघाल्या, अन् आम्ही व्हिडिओवाले बेजबाबदार! आता पाचवी ऐका. तुमची तिसरी पायरी करून पाहा. आकडा निवडला, 'सेव्ह' दाबला, तरीबी शून्यच. बरेचसे सॉफ्टवेअर पोर्ट फक्त सुरू होतानाच उघडतात. बंद करून परत उघडा, हे लिहिलंच नाही.

हिशोबनीस
हे मात्र पटलं. आणि ते कळलं कसं, तर कोणीतरी पायऱ्या जशाच्या तशा करून पाहिल्या. पान ज्याने लिहिलं त्याने तपासायचंच नाही. नव्या माणसाच्या हातात द्यायचं, मागे उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. तो जिथे थांबेल तिथे ओळ कमी आहे.

काटापट्टी
सुधारलं. सीलचा इशारा वर. पिवळा त्रिकोण दिसला तर थांबून सचिवांना बोलवा. तिसरीनंतर नवी चौथी: "सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा. आता इंडिकेटरवरचा आकडा आणि स्क्रीनवरचा आकडा एकच दिसला पाहिजे." खाली आवृत्ती २.

मार्केटयार्ड
आता याचाच व्हिडिओ काढतो. आवृत्ती २ पहिल्याच फ्रेममध्ये लिहीन, रडू नका.