थिंक टँक ‘स्वतंत्र’ असतात म्हणजे नेमके कोणापासून?

चौकस_वाचक
“तंत्रज्ञानाविषयी जगभर जे कायदे होत आहेत, त्यांत सामान्य माणसाची बाजू मांडणारे आता स्वतंत्र थिंक टँकच, म्हणजे धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थाच, तेवढे उरले आहेत,” असे काल येथे एका सदस्याने लिहिले आणि त्याखाली अनेकांनी माना डोलावल्या. मला राहवले नाही. २७ जून २०१७ रोजी युरोपीय आयोगाने मक्तेदारीच्या गैरवापराबद्दल गूगलला २४२ कोटी युरोंचा दंड ठोठावला, तेव्हा वॉशिंग्टनच्या न्यू अमेरिका या थिंक टँकमधील ओपन मार्केट्स गटाचे प्रमुख बॅरी लिन यांनी त्या निर्णयाचे स्वागत केले. पुढच्या दोन-सव्वादोन महिन्यांत तो अख्खा गट संस्थेबाहेर होता. गूगल, तिचे माजी प्रमुख एरिक श्मिट आणि त्यांचे कौटुंबिक प्रतिष्ठान यांच्याकडून संस्थेला १९९९ पासून २ कोटी १० लाख डॉलरहून अधिक मिळाल्याचे तेव्हाच छापून आले होते. संस्थेने लिन यांच्या वागणुकीकडे बोट दाखवले आणि गूगलने आपला संबंध नाकारला, हेही नमूद करतो. पण ज्या संस्थेच्या मुख्य बैठक-दालनालाच श्मिट यांचे नाव होते, तिथे वेगळा दबाव आणायची गरज काय होती?

रेवाकाठ
अर्धीच गोष्ट सांगण्याची ही पद्धत जुनी आहे. त्याच गटात काम केलेल्या लीना खान २०२१ मध्ये मक्तेदारीला आळा घालणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अध्यक्ष झाल्या, आणि ज्या मक्तेदारीविषयी बोलायला कोणी तयार नव्हते ती थेट सरकारी धोरणाचा विषय झाली. लिन यांनी बाहेर पडून स्वतःची संस्था काढली, ती थिंक टँकच आहे. आपल्याकडचे पाहायचे तर, चार सरकारी संकेतस्थळांवर मिळून सुमारे १३ कोटी आधार क्रमांक उघडे पडल्याचे मे २०१७ मध्ये सांगितले ते बंगळूरच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीने. ते काम कोणत्या मंत्रालयाने केले असते?

पूर्वाश्रमीचा_संशोधक
मी दिल्लीतील एका अशा संस्थेत चार वर्षे काढली. नाव सांगणार नाही. कोणी कधीही “हे लिहू नका” असे म्हटले नाही. मसुदा परत यायचा तेव्हा समासात एवढीच टीप असायची: “येथे ‘धोका’ऐवजी ‘आव्हान’ चालेल का?” चालायचे. तिसऱ्या मसुद्यापर्यंत मी स्वतःच ‘आव्हान’ लिहू लागलो होतो. देणगीदाराचे नाव दुसऱ्या पानावर ठळक छापलेले असे, त्यामुळे पारदर्शकतेबाबत आमच्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती.

रेवाकाठ
म्हणजे आपली लेखणी आपणच बोथट केलीत आणि दोष संस्थेचा. छान.

भाषांतराची_हमाली
देणग्यांचा हिशेब आपण करत बसा, माझे दुखणे वेगळे आहे. हे सगळे अहवाल इंग्रजीत, हरकती इंग्रजीत, चर्चासत्रे दिल्लीच्या इंग्रजीत. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय दिला, म्हणून मला असे एक काम मिळाले. लोकांची माहिती (डेटा, म्हणजे ‘विदा’) सांभाळणाऱ्या ‘डेटा फिड्युशरी’साठी मी मोठ्या अभिमानाने ‘विदा-न्यासी’ लिहिले आणि कराडच्या मावशीला वाचून दाखवले. ती म्हणाली, “हे कुठलं देवस्थान रे?”

शुद्धमराठी
दोष शब्दाचा नाही, सवयीचा आहे. ‘महापौर’ हा शब्दही एके काळी नवाच होता. ‘विदा’ रुळवायचा नसेल तर मराठीत कायद्याविषयी बोलूच नका.

चौकस_वाचक
माझा प्रश्न मराठी शब्दांचा नव्हता.

भाषांतराची_हमाली
होता, आपल्या लक्षात आले नाही एवढेच. शुद्धमराठी यांनी आपला ‘विदा’ खुशाल जपावा, मी आता ‘माहिती सांभाळणारी कंपनी’ असे लिहितो आणि मावशीला ते कळते. ज्या माणसाला आपली माहिती कोणाच्या हाती जाते हेच वाचता येत नाही, त्याची बाजू परक्या भाषेत मांडणारा कितीही स्वतंत्र असला, तरी त्याला चूक दाखवायला त्या माणसाकडे शब्दच नसतात.

शुद्धमराठी
‘कंपनी’ हा शब्द मराठी आहे, हे आजच कळले.

चौकस_वाचक
बरे, मग हेही पाहा. २०१७ मध्ये याच डेटा संरक्षण कायद्याच्या तयारीसाठी न्या. श्रीकृष्ण समिती नेमली गेली. मुंबई दंगलींच्या चौकशीमुळे त्यांची ओळख येथे करून द्यायला नको. समितीत सरकारी अधिकारी होते, उद्योगाच्या डेटा सुरक्षा परिषदेच्या प्रमुख होत्या, विधी सेंटर या थिंक टँकचे अर्घ्य सेनगुप्ता होते. ग्राहक संघटनेचे कोणीही नव्हते. पुढे कायद्याच्या नोव्हेंबर २०२२ च्या मसुद्यावर तर आलेल्या सूचना जाहीर केल्या जाणार नाहीत, असे सरकारनेच सांगून टाकले. कोणाचे ऐकले गेले, हे तपासायचे कसे?

रेवाकाठ
ही तक्रार सरकारविरुद्ध आहे, थिंक टँकविरुद्ध नव्हे. ‘ट्राय’ हे दूरसंचार नियामक प्राधिकरण आपल्याकडे आलेल्या सूचना प्रसिद्ध करते, त्यामुळे फेब्रुवारी २०१६ मध्ये फेसबुकच्या फ्री बेसिक्ससारख्या, निवडक संकेतस्थळेच फुकट देणाऱ्या योजनांवर बंदी आली तेव्हा कोणी काय म्हटले होते हे कोणालाही वाचता येत होते. तरीही एक मान्य करते, आपल्या समाधानासाठी नव्हे: समितीत बसणाऱ्या थिंक टँकने आपले सगळे देणगीदार आणि सरकारकडून घेतलेली कामे आधी जाहीर केलीच पाहिजेत.

पूर्वाश्रमीचा_संशोधक
आम्ही जाहीर करत होतो. दुसऱ्या पानावर.