ट्यूडर काळातल्या मठावर मराठीत रहस्यकादंबरी लिहितेय, श्रद्धेचा भाग नुसता सजावटीसारखा वाटतोय, मदत हवी

गोदाकाठची_वाचक (नाशिक)

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. मी नाशिकची, सावानाची (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) मेंबर शाळेपासून, आणि इंग्लंडचा ट्यूडर काळ हे माझं जुनं वेड आहे, त्यावर मिळेल ते वाचत आलेय. आता त्याच काळातली रहस्यकादंबरी मराठीत लिहायला घेतलीय.

गोष्ट थोडक्यात अशी. साल १५३८, यॉर्कशायरमधला एक बेनेडिक्टाइन, म्हणजे संत बेनेडिक्टच्या नियमाने चालणारा, मठ. राजा आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये स्वतःला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख करून घेतलंय, वर्षाला २०० पौंडांपेक्षा कमी उत्पन्न असलेले मठ १५३६ च्या कायद्याने बंद करायला सुरुवात झाली, आता मोठ्या मठांची पाळी आलीय. राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेलची माणसं, म्हणजे कमिशनर, मालमत्तेची यादी करायला यायची असतात आणि त्याच्या आदल्या रात्री चर्चचं सामानसुमान सांभाळणारा मंक (मठात राहणारा संन्यासी) मेलेला सापडतो, आणि संताच्या अस्थी ठेवलेली चांदीची पेटी गायब.

मैत्रिणीला सहा प्रकरणं वाचायला दिली. ती म्हणाली की मठाच्या जागी पंचवटीतला वाडा आणि कमिशनरांच्या जागी इन्कम टॅक्सवाले टाकले तरी गोष्ट अशीच्या अशी चालेल. हे मला फार लागलं कारण ते खरं आहे. मेणबत्त्या आहेत, घंटा आहेत, लॅटिन प्रार्थना आहेत, पण खून झालाय चांदीसाठी आणि चांदी काय कुठेही असते. मला ही माणसं देवावर खरोखर विश्वास ठेवणारी हवीत आणि रहस्य त्या विश्वासातूनच तयार व्हायला हवंय. ते कसं करायचं, तपास कोणी करायचा, आणि मुळात नाशिकमध्ये बसून हे लिहायचा मला काय अधिकार, हा पण प्रश्न डोक्यात आहेच. सविस्तर लिहा प्लीज.

वसईकर_नाशकात

ताई, मी कॅथलिक, वसईचा, नोकरीमुळे इकडे अंबडला असतो. तुमचा प्रश्न वाचून मनापासून बरं वाटलं, कारण आपल्याकडच्या गोष्टींमध्ये फादर आला की तो एकतर ढोंगी असतो नाहीतर एकदम संत असतो, मधला माणूस कोणी लिहितच नाही.

पहिली गोष्ट म्हणजे बेनेडिक्टचा नियम वाचा, म्हणजे मठातलं जगणं कसं असावं हे सांगणारी ती ७३ प्रकरणं. छोटंसं पुस्तक आहे आणि रहस्य लिहिणाऱ्याला त्यात खजिना आहे. २२ व्या प्रकरणात झोपायचं कसं ते दिलंय, सगळ्यांनी शक्यतो एकाच खोलीत, अंगावरचे कपडे न काढता झोपायचं, सकाळपर्यंत दिवा जळत ठेवायचा, आणि झोपताना कमरेचा चाकू काढून ठेवायचा, का तर झोपेत लागू नये. आता विचार करा, मेलेल्या मंकच्या कमरेला चाकू असेल तर तो झोपायला गेलाच नव्हता, आणि हे गावातल्या माणसाला कळणार नाही पण मठातल्या प्रत्येकाला बघताक्षणी कळेल आणि तरी कोणी बोलणार नाही. ३३ वं प्रकरण म्हणतं कुणाकडे स्वतःचं म्हणून काहीही असता कामा नये, लिहायची लेखणीसुद्धा नाही, आणि ५५ व्यात मठाधिपतीने बिछाने तपासत राहावं असं लिहिलंय. म्हणजे गादीखाली दोन नाणी सापडली तर तुमच्याआमच्यासाठी तो पुरावा, त्यांच्यासाठी ते पाप आहे, आणि सापडलेली नाणी मठाधिपतीने मुकाट्याने उचलून ठेवली तर त्याच्यावर संशय घ्यायचा की त्याने मठातल्या मेलेल्या बंधूची लाज राखली म्हणायचं? मी तर त्यावर दोन प्रकरणं लिहिली असती.

४२ वं प्रकरण तुमच्यासाठी सगळ्यात कामाचं. रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर, कॉम्प्लाइननंतर, बोलायचं नाही. पाहुणे आले किंवा मठाधिपतीने सांगितलं तरच सूट. तुमचा खून त्याच वेळात होतोय ना. कोणीतरी काहीतरी बघितलंय आणि मौनामुळे तो ओरडत नाही, सकाळपर्यंत थांबतो, आणि तेवढ्यात उशीर होतो. तो भित्रा नाहीये, तो नियम पाळतोय, आणि नंतर जन्मभर त्याला तेच खात राहील.

आणि कन्फेशन. १२१५ च्या लॅटरन परिषदेने (चर्चच्या मोठ्या सभेने) प्रत्येक माणसाने वर्षातून एकदा तरी पापं कबूल केलीच पाहिजेत असं ठरवलं आणि त्याच नियमात ते गुपित फोडणाऱ्या प्रीस्टला पदावरून काढून कडक मठात जन्मभर प्रायश्चित्त करायला पाठवायचं असंही आहे. शब्दाने नाही, खुणेने नाही, कशानेच सांगायचं नाही. मात्र एक विनंती, प्रीस्टला खुनी माहीत आहे पण सांगता येत नाही एवढंच करून सोडू नका, ते बऱ्याच जणांनी केलंय. तुमच्या प्रीस्टला स्वतःला काय वाटतं ते दाखवा. तो रोज त्या माणसासोबत जेवतो, त्याच्यासाठी प्रार्थना करतो, त्याने स्वतःहून कबूल करावं म्हणून झुरतो. खुनी सापडावा यापेक्षा त्याचा आत्मा वाचावा ही त्याची खरी धडपड आहे.

जुनी_फाईल

कोर्टात नोकरी झाली, आता रिटायर आहे, त्यामुळे कायद्याच्या बाजूने लिहितो.

तपास कोण करणार याचं उत्तर इंग्लंडच्या इतिहासात तयार आहे, कोरोनर. ११९४ पासूनचं पद आहे. (मुंबईत आपल्याकडे १९९९ पर्यंत होता, जुन्या लोकांना आठवत असेल.) संशयास्पद मृत्यू झाला की कोरोनर येतो, आसपासच्या लोकांची ज्युरी बसवतो, सगळे मिळून प्रत्यक्ष प्रेत बघतात आणि निकाल देतात. पोलीस नावाचा प्रकार त्या वेळी नाहीच, त्यामुळे तुमच्या कथेत चुकून इन्स्पेक्टर शिरू देऊ नका.

आता खरी मेख सांगतो. निकाल आत्महत्या असा आला की त्या काळात तो गुन्हा, स्वतःचाच खून. मेलेल्याची चीजवस्तू राजाकडे जमा आणि पवित्र जमिनीत दफन नाही, रस्त्याच्या चौकात पुरायचे. मंककडे चीजवस्तू नाही, पण दफन आहे. समजा तुमच्या भांडारवाल्याने उद्या हे सगळं वितळवलं जाणार या दुःखाने स्वतःच जीव दिला आणि पहाटे दोघातिघांनी ते बघितलं आणि आपला भाऊ चौकात पुरला जाऊ नये म्हणून प्रेत हलवलं, खुनासारखं दिसेल असं केलं. मग पेटी? पेटी चोरलीच नाही कुणी, ती राजाच्या भट्टीत जाऊ नये म्हणून लपवली. १५३८ लाच सप्टेंबरमध्ये कँटरबरीला थॉमस बेकेटची समाधी फोडली, ११७० ला चर्चमध्येच मारला गेलेला हा संत, त्याच्या अस्थींचं नेमकं काय झालं यावर अजून वाद चालू आहेत. ही बातमी तुमच्या मठात पोचलेली असणार. ती ऐकून कुणाचा तरी हात पेटीकडे गेला असणार.

म्हणजे कायद्याने बघाल तर पुरावा नष्ट करणे आणि चोरी, दोन गुन्हे, आणि करणाऱ्यांच्या मनात दोन्ही पुण्याची कामं. हे पंचवटीच्या वाड्यात घडू शकत नाही. तुमच्या मैत्रिणीला उत्तर मिळालं.

धोका पण खरा दाखवा. ग्लास्टनबरीचा मठाधिपती रिचर्ड व्हायटिंग, त्याला १५ नोव्हेंबर १५३९ ला तिथल्या टेकडीवर फाशी दिली, मठातलीच मौल्यवान भांडी आणि पैसा लपवून ठेवल्याचा आरोप होता. उलट जे मठ मुकाट सह्या करून देत होते तिथल्या मंकांना पेन्शन मिळत होती. एका बाजूला पेन्शन आणि दुसऱ्या बाजूला दोरखंड, यात चाळीस माणसांचं एकमत कसं राहील? तुमचे संशयित इथून निघतील. आणि यॉर्कशायर आहे म्हटल्यावर १५३६ चं बंड विसरून कसं चालेल, मठ वाचवायला हजारो लोक उठले होते, त्यांचा पुढारी रॉबर्ट आस्क, वकील माणूस, त्याला १५३७ ला यॉर्कमध्येच फाशी दिली. तुमच्या कोरोनरच्या ज्युरीत बसलेल्या शेतकऱ्यांपैकी कोण कोण त्या बंडात होतं? त्यांना यादी करायला आलेल्यांसमोर खरं बोलायचंय का?

तारखांकडे लक्ष द्या. इंग्लंडमध्ये तेव्हा वर्ष २५ मार्चला बदलायचं, १७५२ पर्यंत तसंच. त्यामुळे त्यांच्या कागदावर फेब्रुवारी १५३८ असेल तर तो आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १५३९. संदर्भ वाचताना हे डोक्यात नसेल तर घटनाक्रमच उलटा होतो.

शरणपूर_रोड

बाकीच्यांनी कथेचं छान सांगितलंय, मी फक्त अधिकाराच्या प्रश्नावर लिहिते, कारण नाशिकमध्ये बसून हे का लिहायचं असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही.

आपण रोज शरणपूर रोडवरून जातो. तिथे चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत होती आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना तिथे शिकवायचे. त्यातला एक जेकब वेनराइट. १८७३ च्या मे महिन्यात मिशनरी आणि प्रवासी डॉ. लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला तेव्हा जेकब तिथे होता, इंग्लंडच्या चर्चची दफनाची प्रार्थना त्यानेच वाचली, हृदय तिथे झाडाखाली पुरलं, आणि त्या झाडावर अक्षरं कोरणारा हाच. मग त्याचे सोबती सुसी, चुमा आणि बाकीच्यांनी ते शरीर वाळवून कितीतरी महिने चालत समुद्रापर्यंत आणलं. लंडनमध्ये हे खरंच त्याचं प्रेत कशावरून असा प्रश्न आला तेव्हा सर विल्यम फर्ग्युसनने दंडाच्या हाडावरून ओळख पटवली, सिंहाने चावल्यामुळे मोडून वाकडं जुळलेलं हाड होतं ते. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन झालं आणि शवपेटीबरोबर जेकब होता, नाशिकला शिकलेला.

प्रेताची ओळख, झाडावरचा लेख, विश्वासाने केलेला प्रवास, मला तर ही अख्खी रहस्यकादंबरीच दिसते. ताईंनी ट्यूडर सोडावं असं अजिबात म्हणत नाही. फक्त इंग्लंडचा इतिहास आणि त्यांची श्रद्धा आपल्या गावातून आरपार गेलीय, त्यामुळे परवानगी कुणाकडे मागायची? आणि मराठी म्हणाल तर फादर थॉमस स्टीफन्स इंग्रजच होता, राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिकांवर पाळत वाढायला लागली त्या काळात देश सोडून रोममध्ये जेसुइट (एका कॅथलिक संघाचा सदस्य) झाला, १५७९ ला गोव्यात आला आणि इथे राहून ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत लिहिलं. तुमच्या कादंबरीतल्या तरुण मंकच्या मुलाच्या वयाचा माणूस. इंग्लंडमधली ती उलथापालथ त्या पिढीपर्यंत पोचते आणि आपल्या भाषेत येऊन लिहू लागते.

गोदाकाठची_वाचक (नाशिक)

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. जुनी_फाईल काका, प्रेत दयेपोटी हलवलं हे वाचल्यावर मला रात्री झोप लागली नाही, आख्खं पुस्तक वेगळं दिसायला लागलं. पेटी लपवणारा आणि प्रेत हलवणारा एकच नसावा असं मला वाटतंय, आणि दोघांना एकमेकांचं माहीत नसावं, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने खून केलाय आणि दोघंही एकमेकांसाठी प्रार्थना करतायत.

एक विचारायचंय. त्याच सप्टेंबर १५३८ मध्ये क्रॉमवेलने प्रत्येक पॅरिशला (गावच्या चर्चच्या हद्दीला) बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवायचा हुकूम दिला असं वाचलं. ते वाचताना मला आपले रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय आठवले, त्यांच्या नामावळीत कसं आजोबा-पणजोबांचं नाव निघतं. या वहीचा रहस्यात उपयोग होईल का? आणि तपास कोरोनरनेच करायचा की मठातल्याच कुणी?

जुनी_फाईल

होईल म्हणजे काय, वहीवरच शेवट आणा. त्या हुकुमात वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवायची असं आहे, एक किल्ली पॅरिशच्या प्रीस्टकडे, दुसरी वॉर्डन म्हणजे गावातल्या विश्वस्तांकडे. नोंद रविवारी वॉर्डनच्या समोर करायची. म्हणजे खोटी नोंद एकट्याने करताच येत नाही. आता मंकांचं दफन मठाच्या आवारात, त्यामुळे तुमचा भांडारवाला त्या वहीत यायलाच नको. आणि तरी त्याचं नाव तिथे आहे, गावच्या पवित्र जमिनीत दफन असं लिहिलेलं. याचा अर्थ प्रीस्ट आणि वॉर्डन दोघांनी मिळून लिहिलंय. वही नवीन आहे, गावात लोक घाबरलेत, आता राजा बाप्तिस्म्यावर पण कर लावणार अशी अफवा आहे (अशा अफवा तेव्हा खरंच होत्या), आणि अशा वहीत दोन माणसं स्वतःचा जीव धोक्यात घालून एक नाव लिहितात.

वसईकर_नाशकात

तपासाचं म्हणाल तर माझं मत, कोरोनर बाहेरून येऊ द्या, पण वाचकाने मठातल्या नर्सच्या, म्हणजे आजाऱ्यांची काळजी घेणाऱ्या मंकच्या डोळ्यांनी बघावं. प्रेत धुणारा तोच, गळ्यावरचे वळ त्यालाच दिसणार. त्याला कमरेचा चाकू, गादीखालची नाणी, कोण प्रार्थनेला उशिरा आलं, सगळ्याचा अर्थ कळतो, कोरोनरला यातलं काही कळत नाही. आणि कोरोनरने शपथेवर विचारलं तर त्याने काय करायचं? खोटी शपथ म्हणजे आत्म्याचं नुकसान, खरं बोलणं म्हणजे भावाचं प्रेत चौकात. तो जे उत्तर देईल ते आधी ठरवा आणि मग मागे येत लिहा.

अजून एक, कमिशनरांमधल्या एकाला तरी मनापासून नवीन मताचा करा, ज्याला खरंच वाटतं की अस्थींपुढे गुडघे टेकणं म्हणजे देवाची फसवणूक आहे आणि लोकांनी आपल्या भाषेत बायबल वाचलं पाहिजे. त्याच हुकुमाने प्रत्येक चर्चमध्ये इंग्रजी बायबल ठेवायला सांगितलं होतं. त्याला लोभी करू नका, प्लीज, तोही प्रार्थना करूनच कामाला लागतो.

शरणपूर_रोड

+१. आणि वाचायला कोणी हवं असेल तर मी आहे, शनिवारी दुपारी सावानात असते. आधी ती शपथेची जबानी लिहून आणा, बाकीची प्रकरणं मागाहून.