लष्करप्रमुख विमानात, बंड जमिनीवर : १२ ऑक्टोबर १९९९ ला नेमकं काय झालं?

खैबरखिंड : कारगिलचा विषय निघाला की पाकिस्तानचे तेव्हाचे लष्करप्रमुख मुशर्रफ येतातच, पण त्यांनी सत्ता कशी मिळवली हे सगळे मोघमच सांगतात. माणूस कोलंबोहून परतणाऱ्या प्रवासी विमानात. इकडे पंतप्रधान नवाझ शरीफ यांनी त्याला पदावरून काढलंय, टीव्हीवर तशी बातमीही झालीये. आणि रात्री तोच देशाचा मालक! हे जमलं कसं? आणि एवढा पक्का बसलेला माणूस २००८ मध्ये मुकाट पायउतार का झाला?

जुनी_बखर : ते बंड विमानातून झालंच नाही. ते केलं रावळपिंडीतल्या दोघांनी: चीफ ऑफ जनरल स्टाफ अझीझ खान आणि १० कोअरचे (कोअर म्हणजे लष्कराची मोठी तुकडी) कमांडर महमूद अहमद. कारगिलच्या आखणीतही हेच दोघे होते. १११ ब्रिगेड याच १० कोअरच्या हाताखाली, आणि इस्लामाबाद तिच्यापासून हाकेच्या अंतरावर. पाकिस्तानात बंड म्हटलं की या ब्रिगेडचं नाव निघतंच.

नवाझ शरीफ यांचा हिशोब चुकला तो आदल्या वर्षीच्या अनुभवामुळे. ऑक्टोबर १९९८ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जहांगीर करामत यांनी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची कल्पना जाहीरपणे मांडली, शरीफ यांनी राजीनामा मागितला आणि तो निमूट मिळाला. मग अली कुली खान यांच्यासारख्या ज्येष्ठांना डावलून त्यांनी मुशर्रफना आणलं. दिल्लीत जन्मलेला मुहाजिर (फाळणीत भारतातून तिकडे गेलेला), पंजाबी-पठाणांच्या गोटाबाहेरचा, म्हणजे डोईजड होणार नाही, असा विचार असावा. वर्षभरात मुशर्रफच्या जागी नेमले आयएसआयचे झियाउद्दीन बट. मूळ लष्कराच्या इंजिनिअर्स शाखेचा माणूस, आणि त्या घडीला हाताशी एकही लढाऊ तुकडी नाही. आधी महमूदना हलवून मग घोषणा करायची, एवढं साधं पथ्यही पाळलं नाही.

पाचच्या सुमारास बातमी आली. लष्कराची एक छोटी तुकडी टीव्ही केंद्रात शिरली, तर पंतप्रधानांच्या लष्करी सचिवाने तिथे जाऊन तिचीच शस्त्रं काढून घेतली आणि बातमी पुन्हा वाचायला लावली. मग जादा कुमक फाटकावरून चढून आत उतरली आणि प्रक्षेपण बंद पडलं. झियाउद्दीन तोवर फोनवरच होते.

धावपट्टी : विमानाची बाजू. पीके ८०५, आत १९८ माणसं. कराचीला उतरायची परवानगी नाकारली, धावपट्टीवरचे दिवे घालवले, आडवे बंब उभे केले. विमान नवाबशाहकडे वळवायचं चाललं होतं, तेवढ्यात ५ कोअरच्या जवानांनी कराचीचा विमानतळ ताब्यात घेतला आणि आठच्या आत विमान उतरलं. ५ कोअरचे कमांडर उस्मानी फिरले असते तर रावळपिंडी हातात असूनही म्होरक्या भलतीकडेच उतरला असता. याच प्रसंगावरून शरीफ यांच्यावर विमान अपहरणाचा खटला चालला. एप्रिल २००० मध्ये जन्मठेप, त्याच डिसेंबरात सौदीला रवानगी, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून निर्दोष सुटका.

कलम_५८ : सत्ता घेतली एका संध्याकाळी, ती कायद्यात बसवायला वर्षं लागली. आधी राज्यघटना स्थगित आणि ‘मुख्य कार्यकारी’ हे नवंच पद; मार्शल लॉ हा शब्द मुद्दाम टाळला. जानेवारी २००० मध्ये न्यायाधीशांना लष्करी राजवटीच्या नव्या आदेशानुसार शपथ घ्यायला लावली. सरन्यायाधीश सईदुझ्झमान सिद्दीकी आणि आणखी पाच जणांनी नकार दिला, ते घरी गेले. उरलेल्या सर्वोच्च न्यायालयाने मे मध्ये या राजवटीला तीन वर्षांची मुदत दिली, वर घटनादुरुस्तीचा अधिकारही! माझ्या मते खरं बंड हे. बातम्या देणाऱ्यांनी मात्र ते कोपऱ्यात छापलं.

आता पायउतार का झाले? कारण वर्दी, म्हणजे राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही न सोडलेलं लष्करप्रमुखपद. २००४ अखेर उतरवतो म्हणाले, उतरवली नाही. मार्च २००७ मध्ये सरन्यायाधीश इफ्तिखार चौधरींना निलंबित केल्यावर वकील रस्त्यावर आले. ३ नोव्हेंबरला आणीबाणी लावली, पण २८ ला लष्करप्रमुखपदाची छडी अश्फाक कयानींच्या हाती द्यावीच लागली. त्या दिवसापासून १११ ब्रिगेड त्यांचं ऐकणार नव्हती. फेब्रुवारीत त्यांचे पाठीराखे निवडणूक हरले, महाभियोगाची तयारी सुरू झाली, लष्कर गप्प बसलं. १८ ऑगस्टला राजीनामा.

खैबरखिंड : आणि आग्र्याला शिखर परिषदेसाठी आले तेव्हा कोणत्या नात्याने?

कलम_५८ : राष्ट्राध्यक्ष म्हणून. २० जून २००१ ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रफीक तरार यांना बाजूला सारून स्वतः शपथ घेतली, आणि १४ जुलैला दिल्लीत उतरले.