लिस्बन पायी पाहिलंत का? आपापले अनुभव सांगा

पायपीट : कामासाठी गेले होते, परतीच्या विमानाआधी एक अख्खा दिवस रिकामा मिळाला. नकाशा पिशवीतच ठेवला. आल्फामा या जुन्या वस्तीच्या बोळांत तासाभरात तीनदा त्याच नळापाशी येऊन पोचले. वाळत घातलेल्या चादरीसुद्धा ओळखीच्या झाल्या. खाली बायशात उतरले तर रस्ते एकदम पट्टीने आखल्यासारखे. १ नोव्हेंबर १७५५ला भूकंप, मागोमाग समुद्राच्या लाटा आणि आग, यांत हा सखल भाग गेला. राजाचा मंत्री पोंबाल याने तो नव्याने वसवला. भिंतींच्या पोटात लाकडी सांगाडे घातले, म्हणजे पुन्हा जमीन हलली तर घर डोलेल, पण कोसळणार नाही. आल्फामा खडकावर, म्हणून बरंचसं वाचलं. बायशातल्या गल्ल्यांची नावं सोन्याची, चांदीची, चांभारांची. आपली तांबट आळीच की! २८ नंबरच्या ट्राममध्ये हे कळत नाही, गर्दीत बाहेरचं दिसेल तर ना. तुमचा दिवस कसा गेला? 'पाहण्यासारखी दहा ठिकाणं' मात्र नकोत.

फोंडेकर : मी पाट्या वाचत हिंडलो, त्यामुळे दिवसभरात दोन किलोमीटरसुद्धा झाले नसतील. भाजीवाल्याकडे 'बटाटा' तसाच्या तसा. बालदी, साबण, पाव, अननस, सगळे भेटले. किल्ल्या बनवणाऱ्याच्या पाटीवरची आपली चावी मात्र बोलताना 'शाव्ह' होते. जुन्या पोर्तुगीजमध्ये तिथे 'च'च होता. त्यांचा बदलला, आपला राहिला! आमच्या आजीने खिडकीला जन्मात खिडकी म्हटलं नाही, जनेलच. आल्फामात एक म्हातारी वरच्या जनेलातून खालच्या मुलाला झापत होती. शब्द कळले नाहीत, सूर पुरता कळला. पणजीच्या फोंताइन्यासची आठवण येणार हे ठरलेलंच होतं, पण आल्फामा त्याहून कितीतरी जुनं. नावच मुळी अरबी, अल-हम्मा, म्हणजे गरम झरे.

घसरलेला : पाऊस असेल तर बूट बघून निवडा. तो पांढऱ्या चुनखडीचा आणि काळ्या बेसॉल्टचा नक्षीदार फुटपाथ फोटोत सुंदर दिसतो. मी तो फार जवळून पाहिला.

गुडघेदुखी : आई बरोबर होती. दुसऱ्याच चढावर तिने जाहीर केलं, "तू जा, मी इथेच बसते." 'इथे' म्हणजे सांता लुझियाचा सज्जा. खाली लाल कौलं, पलीकडे तेजू नदी. मीही बसलो. चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या फरशांचं चित्र आहे, त्यात भूकंपाआधीचा नदीकाठचा चौक. आई ते निरखून म्हणाली, "म्हणजे बुडालेल्या गावाचा फोटो जपल्यासारखं." तिचं माहेर धरणाखाली गेलंय. मग ती बराच वेळ काही बोलली नाही. किल्ला राहिलाच.

वरणभात : शाकाहारींसाठी : 'काल्दू व्हेर्द' हे हिरव्या पाल्याचं सूप ऐकायला निरागस, पण त्यात सॉसेजची चकती असते. आधी विचारा. न मागता समोर आलेले पाव-ऑलिव्हही फुकट नसतात. मी सगळे संपवून वर आभार मानले, मग बिल आलं.

पायपीट : @गुडघेदुखी, मी त्याच सज्ज्यावरून गेले होते. फोटो काढला, फरशांकडे पाठ करून.