तळमळ आहे, पण उद्या सकाळी नेमकं काय करायचं?

दादा, ध्येय मनापासून असलं की रोजचं काम आपसूक होतं, हे तुमचं म्हणणं मला नाही पटत जी. मी गट प्रवर्तक आहे, म्हणजे गावोगावच्या आशा सेविकांच्या (गावातल्या आरोग्य सेविकांच्या) कामावर देखरेख करते. तळमळ नसलेली आशा सेविका मला तरी भेटली नाही. पण धानाच्या रोवणीच्या दिवसांत, चिखल तुडवत दुसऱ्या टोल्यावर (वस्तीवर) जायचं असतं, तेव्हा नुसत्या तळमळीने पाय उचलत नाही.

आपल्या गडचिरोलीतच याचं उत्तर आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी सुरू केली. 'बाळं वाचवा' एवढंच सांगून ते थांबले नाहीत. गावातल्याच बाईला बाळाचं वजन करायला, ताप बघायला, मिनिटभर श्वास मोजायला शिकवलं. श्वास ६० किंवा जास्त म्हणजे धोका. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर ही काळजी सुरू न केलेल्या, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं.

आता दवाखान्यात बाळंतपण झालं, की बाळाच्या घरी आशाच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी ठरलेल्या. मी सहाही तारखा जन्माच्या दिवशीच कॅलेंडरवर लिहायला लावते.

तुमच्या शाळेचं ध्येय 'प्रत्येक मूल वाचेल' आहे ना? मग उद्या परिपाठानंतर कोणती पाच पोरं तुमच्यासमोर बसून वाचणार, त्यांची नावं आजच लिहून ठेवा. अडलेलं अक्षर नावापुढेच टिपा.